दुर्बिणीचं मागचं कडं

दाजी, तुमची रायफल ठाण्यात जमा केली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा नितीन आणि मी गेलो होतो. परवाना माणसाच्या नावावर असतो, माणूस गेला की बंदूक घरात ठेवायची नसते, हे तुम्हीच मला एकदा सांगितलं होतं. तेव्हा ते दुसऱ्याच कुणाच्या बंदुकीबद्दल होतं. ठाण्यातला हवालदार बरा माणूस निघाला. त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, परवान्यावरचं तुमचं नाव वाचून "आरं, हे गेले व्हय?" म्हणाला, रायफलीवरचा नंबर ताडून पाहिला. मग वर बसवलेल्या दुर्बिणीकडं बोट केलं.

"ही परवान्यावर नाय. तेवढी काढून न्या, साहेब."

माझ्या खिशात चष्म्याचा बारीक पेचकस कायम असतो, पण तो तिथं काय कामाचा? हवालदारानंच ड्रॉवर उचकून एक मोठा पेचकस दिला. दुर्बिणीला रायफलीवर धरून ठेवणाऱ्या त्या दोन पट्ट्यांचे स्क्रू काही केल्या हलेनात. तुम्ही आवळले होते ते, जन्माचे आवळले होते. शेवटी पहिला स्क्रू कट्‌कन सुटला. तुम्हाला खांद्यावर घेतलं तेव्हाही मी सावरून होतो. पण त्या टेबलापाशी दुसऱ्या स्क्रूला मी पेचकस लावेना, तेव्हा नितीननं तो माझ्याकडून काढून घेतला.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मामा, दुर्बीण परत बसवता येती की कधीतरी."

"बसंल रे. पण झिरो गेला."

"म्हंजे?"

मग रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर मी त्याला समजावून सांगितलं. दुर्बीण बंदुकीवर नुसती बसवून भागत नाही. आतली फुली दाखवते एक जागा आणि गोळी जाते भलतीकडंच. मग एकेक गोळी झाडायची, कुठं लागली ते बघायचं, दुर्बिणीचं वरचं आणि बाजूचं बटण खटक्याखटक्यानं फिरवायचं, परत झाडायची. रायफल आणि दुर्बीण, दोघींचं एकमत झालं की झिरो बसला. एकदा उतरवली की काडीमोड. नितीन बिडकीनला कंपनीत मशीन चालवतो, त्याला लगेच कळलं. "म्हंजे दादांचं सेटिंग गेलं," एवढंच बोलला. तुमचा पोरगा तुमच्यासारखाच आहे, एका वाक्यात विषय संपवतो.

पण सगळंच सेटिंग गेलं नव्हतं. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं. दुर्बिणीचं डोळ्याजवळचं कडं तसंच होतं. त्या कड्याचा गोळीशी काही संबंध नाही. बघणाऱ्याच्या उघड्या डोळ्याचा जो नंबर असेल त्याप्रमाणं ते फिरवायचं, म्हणजे फुली रेघेसारखी स्वच्छ दिसते. दुसऱ्यानं डोळा लावला की त्याला सगळं धुरकट. तुम्ही त्या कड्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती, कुणी हलवू नये म्हणून. मी चष्मा काढून डोळा लावला. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी म्हणजे नुसता काळा डाग, आणि फुलीच्या जागी कोळ्याचं जाळं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. म्हणजे हे अजून तुमच्या डोळ्याला लावलेलं होतं. लोक गेलेल्या माणसाचा फोटो जपतात, त्याचं घड्याळ जपतात. मी शहागंजात बत्तीस वर्षं चष्मे विकणारा माणूस, मी तुमचा नंबर जपणार होतो.

आणि इथंच पंचाईत झाली, कारण अक्काला ती दुर्बीण पाहिजे.

माझी बहीण कशी आहे हे मी तुम्हाला काय सांगावं? तुम्ही गेल्यापासून तिनं डोळ्यातून टिपूस काढलेलं नाही. बायका येतात, गळ्यात पडतात, ती त्यांच्याच पाठीवरून हात फिरवते. नितीन तिला बिडकीनच्या फ्लॅटवर न्यायला बघतोय. त्याचंही चूक नाही. शेतातलं घर, जवळ वस्ती नाही, मका कणसाला आलेला, डोंगराकडून डुकरं उतरायला लागलेली, आणि आता घरात बंदूकही नाही.

"आई, एकटी काय करशील हितं? डुकरं आल्यावर?"

"डुकरं काय आजच यायला लागली व्हय? तुझ्या जन्माआधीपास्नं येत्यात."

"तवा दादा होते."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सुध्या, ती दुर्बीण मला आणून दे. गच्चीवरनं नाला दिसला पायजे. डुक्कर हाय का कुणाचं कुत्रं, येवढं येळेवर कळलं तर फटाका लावता येतो. बंदूक कशाला लागती?" नितीननं हो-ना करता करता मान्य केलं. आईला गच्चीवरून नीट दिसलं, तिचं ती राखण करू शकली, तर मका निघेपर्यंत राहू दे. नाही तर दसऱ्याच्या आत तो तिला घेऊन जाणार. आता ती दुर्बीण अक्काला द्यायची म्हणजे ते कडं तिच्या डोळ्याला फिरवायला पाहिजे. पट्टी काढायची, दोन बोटांत धरायचं, फिरवायचं. लहान पोरालाही जमेल असं काम. मला ते होईना. काचेवर बुरशी आलीय, साफ करतो, असं मी फोनवर सांगितलं. मग म्हटलं, दुकानात गर्दी आहे. अक्का प्रत्येक वेळी "बरं" म्हणायची, आणि तिचं ते "बरं" मला झोपू द्यायचं नाही.

ती दुर्बीण मीच तुम्हाला आणून दिली होती, आठवतं? माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडं नुसती पडून होती. त्याआधी तुम्ही रायफलीच्या नळीवरच्या माशीनं, त्या टोकाच्या बारीक खुंटीनं, नेम धरायचात आणि चाळिशी लागल्यापासून तुम्हाला ती माशी दिसायची नाही. पण कबूल कोण करणार? "माशी बारीक केलीय कंपनीनं," म्हणाला होतात. जुन्या रायफलीची माशी कंपनी येऊन बारीक करून गेली म्हणे! मी दुर्बीण घेऊन आलो तर तुम्ही तोंड वाकडं केलंत. "हे असलं नळकांडं लावून मारायचं, मग डुकराला पळायला तरी कशाला सांगायचं?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर तुम्ही अंगणात लिंबाच्या फांदीला सुतळी बांधून, सुतळीला दगड बांधून, त्या ओळंब्याशी दुर्बिणीतली उभी रेघ जुळवत बसलेले. अक्का चहा घेऊन उभी, चहा गार, आणि तुम्ही म्हणताय, "जरा थांब, दगड हलतोय."

त्याच दिवशी तुमच्या भुवईवर चंद्रकोर उमटली. दुर्बीण तुम्ही डोळ्याच्या फार जवळ बसवली होती. मी सांगत होतो, चार बोटं जागा सोडा, बार निघाला की धक्का मागं येतो. "मेहुण्यानं दाजीला शिकवायचं आता?" म्हणून चाप ओढलात, आणि दुर्बिणीची कड खाडकन भुवईवर. रक्त बघून अक्का किंचाळली. तुम्ही गावात सांगितलं, म्हशीनं शिंग मारलं. मी ते नितीनच्या लग्नात भर पंगतीत सगळ्यांना खरं सांगितलं, आणि तुम्ही जिलबीचं ताट घेऊन माझ्या मागं लागलात. दाजी, मेहुणा असतो कशासाठी? तेव्हापासून तुमचा एक दंडक झाला. दुर्बिणीला डोळा लावायचा तर चष्मा काढून. काच फुटून डोळ्यात गेली तर चष्मेवाल्याचा धंदा बसेल, म्हणायचात. माझ्यासुद्धा तो अंगवळणी पडला. ती दुर्बीण समोर आली की हात आपोआप चष्म्याकडं जातो.

झिरो करायला तुम्हाला खूण पाहिजे होती, म्हणून मी दुकानातला डोळे तपासायचा जुना तक्ता आणला. वर एकच मोठं अक्षर, खाली ओळीओळीनं बारीक होत जाणारी. तो नाल्याच्या पलीकडं, डोंगराच्या कच्च्या कड्याला टेकवून ठेवला. अक्का म्हणाली, "हे बंदुकीचे डोळे तपासत्यात का आपले?" सकाळीच करायचं, ऊन तापायच्या आत, कारण दहानंतर काळ्या रानावरून वाफ उठायला लागते आणि अक्षरं नाचायला लागतात. तुम्ही वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून, पोटावर पडून, एकेक गोळी झाडायचात. मी दुसऱ्या दुर्बिणीतून बघून सांगायचो. "वरच्या ग च्या डाव्या बाजूला." खट खट खट, तुम्ही बटण फिरवायचात. "आता न च्या पोटात." शेवटी तीन गोळ्या एकाच अक्षरात बसल्या आणि तुम्ही उठून, कपडे झटकत, जणू काही झालंच नाही असे बसलात. मी मात्र तक्ता आणायला नाल्यातून पळत गेलो होतो. तो तक्ता मी बरीच वर्षं दुकानात मागच्या खोलीत लावून ठेवला. एक म्हातारे मियाँ चष्म्याला आले होते, त्यांनी भोकं बघून विचारलं, "भाई, ये कौनसे नंबर की आँख से हुआ?" मी म्हटलं, "हमारे दाजी की."

आपलं खरं भांडण मात्र खटक्यांवरून होतं, आणि ते मिटलं नाही. जवळचं डुक्कर असलं तर फुली धरली की झालं. पण नाल्यापलीकडच्या चढावर, माणूस बोटाएवढा दिसतो तिथं, गोळी जाता जाता खाली पडते. माझं म्हणणं, दुर्बिणीला वरचं बटण दिलंय कशाला? हिशेबानं तेवढे खटके वर फिरवा, फुली सरळ जनावरावर धरा. तुमचं म्हणणं, खटक्यांना हात लावायचा नाही, अंदाजानं फुलीच थोडी वर धरायची. "खटके फिरवले की परत आणायचे राहत्यात. माणूस हाय, इसरतो." "मग तुमचा अंदाज चुकत नाही का?" "अंदाज माझा हाय, चुकला तर माझा चुकंल." हा संवाद आपण किती वेळा केला असेल! सणाला, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर, तुमच्या आईच्या दहाव्याला घाटावर बसूनसुद्धा. अक्का म्हणायची, ह्या दोघांना दुसरा धर्मच नाय.

आणि मग तो बाभळीचा प्रकार झाला. वन खात्याचा कागद हातात आल्याशिवाय तुम्ही कधी चापाला बोट लावलं नाही. त्या वर्षी कागद आला होता आणि एक दांडगा डुक्कर रोज मका आडवा करत होता. संध्याकाळी तो जवळच निघाला, शेताच्या धुऱ्याच्या अलीकडं. तुम्ही बार काढला आणि डुकराच्या कितीतरी वरून, मागच्या बाभळीची फांदी तुटून खाली आली. डुक्कर चकित होऊन तिच्याकडं बघत राहिला आणि मग सावकाश निघून गेला. तुम्ही म्हणालात, काडतूस सर्दावलंय. सर्दावलेलं काडतूस खाली मारतं की वर, दाजी? मी रात्री हळूच बघितलं तर वरचं बटण वर फिरवलेलं होतं. म्हणजे आदल्या दिवशी चढावरच्या डुकरासाठी तुम्ही माझी पद्धत चोरून करून बघितली होती, आणि खटके परत आणायचे विसरला होतात. मी बटण झिरोवर आणून ठेवलं आणि बोललो नाही. सकाळी तुम्ही ते बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणालात, "चष्मेवाले, चहात साखर कमी झालीय." ठाण्यात दुर्बीण उतरवताना मी पहिल्यांदा वरचं बटण बघितलं. झिरोवर होतं. म्हणजे तुम्ही ते पुन्हा कधी फिरवलंच नाही, की फिरवून दर वेळी न विसरता परत आणलं? त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आता होणारही नाही. मी जिंकलो की हरलो हे मला कोण सांगणार?

पण हे भांडण गोडीचं होतं. दुसरं गोडीचं नव्हतं. तुमचा मोतीबिंदू.

दोन वर्षांपूर्वी अक्काच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा तुमचंही करू म्हणून मी डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं. तुमचा तर उजवा डोळा जास्तच गढूळ होता. अक्का दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर म्हणाली, "आगं बाई, भिंत पांढरी हाय व्हय?" आणि तुम्ही हसलात, आणि उठून घरी निघून गेलात. मका निघाला की करू. गहू निघाला की करू. अद्रक लावून होऊ दे. मी तुमच्यासाठी नंबर वाढवत वाढवत चष्मे करत राहिलो आणि दर वेळी वाद घालत राहिलो. "माझ्या डोळ्याला चाकू लावू द्यायचा नाय. अजून फुली दिसती मला." हे तुमचं शेवटचं उत्तर असायचं. फुली दिसते म्हणजे अगदीच काही वाया गेलेलं नाही, असं मी स्वतःला समजावायचो. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी आपण फोनवर बोललो तेही हेच. मी आवाज चढवला, तुम्ही म्हणालात, "ठेवतो, रेंज नाय हितं." आवाज इतका स्वच्छ येत होता की मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मला हसूच आलं होतं. म्हटलं, दोन दिवसांनी स्वतःच फोन करतील. तुमच्या छातीतल्या कळेनं तेवढी उसंत द्यायला नको होती का?

म्हणून त्या कड्याला माझा हात लागत नव्हता. तुम्ही "फुली दिसती" म्हणायचात, ती तुम्हाला कशी दिसायची, किती उणे नंबराला दिसायची, याची एकच खूण जगात उरली होती आणि ती त्या काळ्या पट्टीखाली होती. ती पुसायची आणि तिथं दुसऱ्याचा डोळा बसवायचा, मग भले ती सख्खी बहीण असो. मला अक्काचा रागसुद्धा आला. हो, आला. म्हटलं, हिला नवराही आठवत नाही, मकाच आठवतो.

परवाच्या रविवारी नितीनचा फोन आला. "मामा, आईची बॅग भरायला घेऊ का? राती डुकरांनी दोन सऱ्या लोळवल्या. तिला दिसलंच नाय." मग मात्र माझं डोकं ताळ्यावर आलं. कुणासाठी जपतोय मी हे? तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, येड्या, मका खातायत तिकडं. चष्मे पुसायच्या मऊ फडक्यात दुर्बीण गुंडाळली आणि कन्नडची एसटी पकडली.

ऊन उतरल्यावर आम्ही दोघं गच्चीवर गेलो. तुमची वाळूची पिशवी कठड्यावर होती तशीच होती. अक्कानं फटाक्यांचा पुडा आणि काडेपेटी पदरात आणली होती. मी तिला म्हटलं, बस जरा, आधी हे कडं तुझ्या डोळ्याला लावून देतो. आणि नखानं त्या पट्टीचं टोक शोधायला लागलो. टोक सापडेना. खरं सांगायचं तर मी ते फार मन लावून शोधत नव्हतो.

"दे इकडं," अक्का म्हणाली. "किती दिस झाले नुसता चोळतोयस." तिनं दुर्बीण माझ्या हातातून घेतली, पिशवीवर टेकवली, सवयीनं उजवा डोळा लावला आणि म्हणाली, "नाल्यातलं पाणी आटलं की रं."

"अक्का, थांब, तुला ते धुरकट दिसंल."

"धुरकट कशाला? ते बघ, बाभळीवर होला बसलाय. मान हलवतोय."

मी म्हटलं, असं होणार नाही. ते दाजींच्या डोळ्याला लावलेलं आहे.

तिनं डोळा काढून माझ्याकडं बघितलं. "त्यांच्या कुठल्या डोळ्याला, सुध्या? त्यांना काय दिसत होतं?"

दाजी, मग तिनं सगळं सांगितलं. तिचं ऑपरेशन झालं त्याच हंगामापासून तुम्हाला फुली दिसत नव्हती. तुम्ही रिकामी रायफल पिशवीवर ठेवायचात आणि अक्काला दुर्बिणीशी बसवायचात. ते कडं तुम्ही तिच्याकडून फिरवून घेतलंत. "आता रेघ बारीक झाली का? आता? का मघाशी बारीक हुती?" असं सगळी सकाळ, माझ्या दुकानात मी करतो तसं. आणि मग पट्टी गुंडाळून म्हणालात, हे आता हलवायचं नाय. दोन वर्षांत तुम्ही एकही बार काढला नाही. ती बघून सांगायची, तुम्ही फटाका लावायचात. डुकरं पळाली की दोघं खाली उतरून जेवायचात.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"ते म्हणायचे, सुध्याला कळू देऊ नको. तो उद्या गाडी घिऊन दारात उभा राहील अन् दवाखान्यात टाकील."

राहिलो असतो. नक्की राहिलो असतो. मला इतका राग आला तुमचा! दोन वर्षं फोनवर "फुली दिसती मला" असं छातीठोक सांगत होतात, आणि फुली माझी बहीण बघत होती. मी चष्मा काढून त्या दुर्बिणीत डोकावत बसलो होतो. ऑपरेशननंतर अक्काच्या त्या डोळ्याला लांबचा नंबर उरला नाही; चष्मा लावला की माझ्याही डोळ्याला उरत नाही, म्हणजे चष्मा न काढता एकदा बघितलं असतं तर मलाही स्वच्छ दिसलं असतं, आणि तिथंच कळलं असतं की हा तुमचा नंबर नाही. बत्तीस वर्षं धंदा करून एवढं साधं सुचलं नाही, कारण तुमचा दंडक मोडायचा नव्हता. मी जपलेला तुमचा डोळा तिथं नव्हताच, दाजी. तुम्ही तो केव्हाच तिथून काढून घेतला होता आणि तिला जागा करून दिली होती. ती गच्चीवर एकटी बसेल तेव्हा तिला दिसावं, याची सोय तुम्ही तुमचं तुम्ही करून ठेवली होती, आणि आम्ही दोघं शहाणे, मी आणि नितीन, तिची बॅग भरत होतो.

मी तिथूनच नितीनला फोन लावला. म्हटलं, मका निघेपर्यंत येऊ नको. त्याच्या पुढचं पुढं बघू. आईला तुझ्यामाझ्यापेक्षा लांबचं दिसतंय. तो म्हणाला, "बरं. दिवाळीचे फटाके आत्ताच घेऊन येतो मग."

सावल्या नाल्यापर्यंत गेल्या होत्या. अक्का परत दुर्बिणीशी बसली आणि डोळा लावून एका लयीत सांगायला लागली, मला नाही, असंच समोर. "धुऱ्यावर काय नाय. नाला रिकामा. बाभळीखाली काय नाय. चढावर दोन रोही, लांब हायेत." आणि थांबली. डोळा काढला नाही, हलली नाही. मला वाटलं, काहीतरी दिसलं असेल. मी काडेपेटी हातात घेतली. मग माझ्या लक्षात आलं की ती वाट बघतेय. इथं तुम्ही काहीतरी विचारायचात. काय विचारायचात हे मला माहीत नव्हतं. मी अंदाजानं म्हटलं, "अन् मक्याच्या त्या कडंला?"

"आधी वारा," अक्का म्हणाली. "ते आधी वारा इच्यारायचे. डुकराला वास जातो का नाय, बघायला."

"वारा कुठूनय, अक्का?"

"डोंगराकडनं," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि तिच्या तोंडून हुंदका फुटला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली, मोठ्यानं, खांदे गदगदून. पण डोळा तिनं दुर्बिणीवरून काढला नाही, आणि रडता रडताच मला सांगत राहिली, मक्याच्या कडेला काय आहे आणि काय नाही.